एकोणतीस मिली घट

२००४ सालच्या फेब्रुवारीत बोरी बुद्रुकच्या चांगदेव कोरडे यांनी फ्रान्समधली सव्वीस वर्षांची जुनी लाल वाईन चाखली, ती त्यांना पसंत पडली, आणि वाईन या विषयावरचं आपलं जन्मभराचं मत त्यांनी बसल्या खुर्चीत बदललं.

असं काहीही घडलेलं नाही.

चांगदेवांचं मत बदलत नाही हे बोरीत गुराढोरांनाही ठाऊक आहे. गावात पहिल्यांदा ठिबक आलं तेव्हा ते बघून चांगदेव म्हणाले होते, "ह्ये काय, झाडाला सलाईन? आजारी हाय का?" पुढं त्यांनी स्वतःच्या चारी एकरांत ठिबक टाकलं आणि रोज सकाळी "सलाईन चालू करा" म्हणून ओरडू लागले. मत तेच राहिलं, फक्त नळ्या आल्या. असल्या माणसाचं मत एका बाटलीनं बदललं यावर कोण विश्वास ठेवील? त्यातून ते गावच्या दारूबंदी समितीचे अध्यक्ष. म्हणून जे घडलंच नाही ते एकदा नीट क्रमानं सांगून टाकलेलं बरं. नाहीतर लोक भलतंच काहीतरी घडलं असं धरून चालायचे.

चांगदेवांकडे दोन गोष्टी होत्या. चार एकर शरद सीडलेस आणि एक जीभ. काळ्या द्राक्षांची बाग त्या भागात कुणाकडेही असते. जीभ मात्र तालुक्यात तेवढी एकच होती. दरवर्षीच्या द्राक्ष प्रदर्शनात चांगदेव परीक्षक. मणी दाताखाली फोडायचा, डोळे मिटायचे, साल गालात फिरवायची, सगळं पिकदाणीत थुंकायचं आणि म्हणायचं, "साडेअठरा." मग शुगर मोजायची ती छोटी दुर्बीण घेऊन उभा असलेला माणूस तिच्यात डोळा घालायचा आणि म्हणायचा, "साडेअठरा." एका वर्षी दुर्बिणीत अठराच आली. दुर्बीण दुरुस्तीला पाठवली.

परीक्षेचे नियम त्यांचे त्यांनीच केलेले होते. मणी तीन खायचे. पहिला साखरेसाठी, दुसरा सालीसाठी, तिसरा न्यायासाठी. तिन्ही थुंकायचे. "परीक्षकानं गिळलं की त्यो गिऱ्हाईक झाला," असं ते सांगत आणि बावीस वर्षांत एकही मणी त्यांच्या घशाखाली उतरला नव्हता.

दारूबंदीचं अध्यक्षपद मात्र त्यांना जिभेमुळं नाही, बायकोमुळं मिळालं. दोन वर्षांपूर्वी गावच्या बायांनी मतदान करून दारूचं दुकान बंद पाडलं होतं. चिठ्ठीवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. आडवी बाटली निवडून आली. या सगळ्याची पुढारी चांगदेवांची बायको साळुबाई. निवडणूक जिंकल्यावर समितीला अध्यक्ष हवा होता, आणि सांगितलेलं ऐकणारा माणूस साळुबाईंना घरातच सापडला. तेव्हापासून ग्रामसभेच्या दारात चांगदेव उभे राहत आणि येणाऱ्याला म्हणत, "तोंड उघड." मग एक वास घेऊन निकाल देत. "सकाळी नऊला. फुटाण्यासंगं. घरी जा."

अशा घरात एकुलती एक मुलगी हर्षाली शेतकी शिकून वाईन कंपनीत नोकरीला लागली होती. पण तिच्या बाबतीत गावात 'वाईन' हा शब्द काढत नसत. हर्षाली 'फळप्रक्रिया उद्योगात' होती. कंपनी आंबेगाव तालुक्यात, कळंबच्या अलीकडं. तिथं फळावर जी प्रक्रिया व्हायची तिच्यात फळ सडायचं, पण प्रक्रिया म्हणजे प्रक्रिया.

हर्षालीला घरचा वरचा माळ हवा होता. दीड एकर. नुसता मुरूम आणि गोटे. आणे गावच्या कोरड्या पठारानंही तो माळ बघून स्वतःला बागायती समजावं, असा. तिथं तिला वाईनची द्राक्षं लावायची होती. कंपनी या भागात लागवड वाढवायला बघत होती. मार्चअखेर पहिला करार झाला तर हर्षालीचं काम इथंच राहणार होतं. नाही झाला तर तिची रवानगी नाशिकला. दुसरा कुणी शेतकरी करार करायला तयार नव्हता, कारण जो तो विचारायचा, "चांगदेवआण्णांनी लावली का?"

चांगदेवआण्णांनी ती द्राक्षं एकदा बघितली होती.

"वाटान्याएवढा मणी," ते म्हणाले. "आत दोन बिया. साल गोनपाटासारखी. ह्ये द्राक्ष हाय का आजार?"

"आप्पा, वाईनला मणी बारीकच लागतो," हर्षाली म्हणाली. "फुगवण करायचीच नाही. औषधात घड बुडवायचे नाहीत. पाणीसुद्धा बेतानं."

"म्हंजी उपाशी ठिवायचं."

"थोडंफार."

"आन मग त्याचं रडू गोळा करून बाटलीत भरायचं. त्ये बी नासवून. आगं, माजा माल चार दिस ऱ्हायला तर बाजारात कुत्रं इचारत न्हाई, आन तुमी नासल्याव त्याला भारीची म्हनता!"

"तुम्ही चाखली आहे का कधी?"

"म्या शेण बी चाखलं न्हाई."

"मग हा निकाल न चाखता दिला म्हणायचा," हर्षाली म्हणाली आणि पोळी करायला वळली.

हे लागलं. बावीस वर्षांत असा आरोप कुणी केला नव्हता. चांगदेवांनी त्या रात्री धड जेवण केलं नाही, आणि सकाळी दात घासताना जीभ बाहेर काढून आरशात बघत बसले. मग हर्षालीनं सौदा मांडला. कंपनीच्या मॅनेजरनं फ्रान्सहून १९७८ सालच्या दोन बाटल्या आणल्या आहेत, त्यातली एक तो शनिवारी उघडणार. आप्पांनी यावं, आपल्या पद्धतीनं परीक्षा करावी. जीभ वाईट म्हणाली तर हर्षाली मुकाट नाशिकला जाईल आणि माळाचं नाव पुन्हा काढणार नाही. जीभ बरं म्हणाली तर माळ तिचा.

चांगदेवांना हा सौदा फार आवडला, कारण तो जिंकलेलाच होता. अडचण एकच. दारूबंदीचा अध्यक्ष दारू तोंडात कशी घेणार?

समितीची बैठक बोलावली. सचिव जानकू. हा माणूस जन्मभर कचेऱ्यांत खेटे घालून तिथली भाषा घरी घेऊन आला होता आणि बायकोला चहासुद्धा 'सादर करणेत यावा' असं म्हणून मागायचा. त्यानं ठराव लिहिला आणि वाचून दाखवला. "ठराव क्रमांक चौदा. मुलीच्या हितास्तव मा. अध्यक्षांनी सदर द्रव तोंडात घेणेस समितीची हरकत नाही. मात्र तोंडात घेतलेला संपूर्ण द्रव तोंडाबाहेर काढणेची जबाबदारी सर्वस्वी मा. अध्यक्षांची राहील."

"आन मोजायचं," साळुबाई म्हणाल्या. "किती आत ग्येलं, किती भाईर आलं. दोनी येळंला."

"मोजायचं कुणी, वैनी?"

"पीरभाईंनी."

पीरमहंमद जुन्नरचे द्राक्षांचे व्यापारी. पंचवीस वर्षं चांगदेवांचा माल तेच घेत होते. दारूला त्यांनी कधी बोट लावलं नव्हतं, त्यामुळं मोजता मोजता कमी होण्याची भीती नव्हती. शिवाय दोघांचं पंचवीस वर्षांचं एक भांडण होतं, त्यामुळं मोजणारा कुणाला सामील होईल अशीही शंका नव्हती. भांडण घटीचं. बागेत भरलेली पेटी बाजारात पोचेपर्यंत सुकून थोडी हलकी होते, म्हणून व्यापारी वजनातून थोडं वजा करतो, त्याला घट म्हणायचं. चांगदेवांना घट मान्य नव्हती. दर हंगामात ते टेम्पोसमोर उभे राहून विचारायचे, "द्राक्षाला पाय हायेत का? वाटंत उतरून जात्यात का? मग ग्येली कुटं?" आणि पीरमहंमद दर हंगामात म्हणायचे, "हवेत, चांगदेवराव. अल्लाची हवा आहे, तिला कोण अडवणार?"

"वैनी, मी मोजीन," पीरमहंमद म्हणाले. "पण माप माझं नाही. उद्या हे म्हणतील, काट्यात खोट आहे."

म्हणून चांगदेवांनी मंचरच्या दुकानातून औषध मोजायचं नवं कोरं माप आणलं. प्लॅस्टिकचं, पन्नास मिलीपर्यंत रेघा मारलेलं. फवाऱ्याच्या टाकीत किती मिली टाकायचं ते याच मापानं ठरतं. बोरीत देवावर हात ठेवून खोटं बोलणारी माणसं आहेत, पण या मापाबाबत कुणी हयगय करत नाही. दहा मिली इकडंतिकडं झालं तर बाग करपते.

शनिवारी सकाळी पीरमहंमदांच्या टेम्पोत, रिकाम्या क्रेटच्या खडखडाटात, दोघं कंपनीत पोचले. हर्षाली दारात होती. तिनं त्यांना आधी तळघरात नेलं. थंडगार, अंधारं आणि भिंतीला लागून शेकडो बाटल्या रचलेल्या. सगळ्या आडव्या.

चांगदेव थबकले.

"आडव्या का?"

"आडवी ठेवली तर बूच ओलं राहतं. वर्षानुवर्षं टिकते."

चांगदेवांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत नजर फिरवली. एवढं मतदान गावात पडलं नव्हतं. साळुबाईनं हे बघितलं असतं तर तिनं भाषण केलं असतं.

वर मॅनेजर अमृत वाट बघत होता. पुण्याचा, गोरापान, ज्याला 'ळ' म्हणायला त्रास होतो पण फ्रेंच गावांची नावं पाठ असतात, त्यातला. त्यानं जुनी बाटली तान्हं मूल धरावं तशी दोन्ही हातांनी धरून आणली आणि टेबलावर ठेवली. चांगदेवांनी खिशातून चष्मा काढला आणि लेबल वाचलं. औषधाची बाटली विकत घेताना वाचतात तसं, खालून वर.

"बनवल्याची तारीख आठ्ठ्याहत्तर. मुदत कवा संपली त्ये लिव्हलंच न्हाई."

"काका, याला एक्स्पायरी नसते," अमृत हसून म्हणाला.

"आसं मंचरचा दुकानदार म्हनला आस्ता तर मी त्याला कोर्टात न्येला आस्ता."

"ही बोर्डोची आहे," अमृत अदबीनं म्हणाला.

पीरमहंमदांनी माप टेबलावर ठेवून हात मागं घेतला. बोर्डो म्हणजे मोरचूद आणि चुना कालवून केवड्या रोगावर मारतात ते निळं पाणी, हे द्राक्षाच्या गावात सगळ्यांनाच ठाऊक असतं. हर्षालीनं घाईघाईनं सांगितलं की बोर्डो हा द्राक्षांचा मुलूख आहे, ते औषध पहिल्यांदा तिथल्या शेतकऱ्यांनी काढलं, म्हणून औषधाला मुलखाचं नाव.

चांगदेवांनी लेबल पुन्हा एकदा वाचलं. पंचवीस वर्षं ते पावसाळ्यात पाठीवर पंप बांधून त्या मुलखाचं नाव फवारत होते आणि कुणी सांगितलं नव्हतं. "म्हंजी केवडा तितं बी पडतो," ते म्हणाले. फ्रान्सबद्दल त्यांनी काढलेला हा पहिला बरा उद्गार. लगेच त्यांनी तो भरून काढला. "मग दारू करत्यात त्यात नवल न्हाई. केवड्याचा माल दुसरं कोन घील?"

बूच काढताना मोडलं. अमृतनं चहाच्या गाळणीतून वाईन काचेच्या भांड्यात ओतली. गाळणीत काळा चोथा राहिला.

"गाळ," चांगदेव म्हणाले. "माज्या टाकीत एवढा गाळ आस्ता तर नोझल चोक झालं आस्तं."

अमृतनं पेला गोल गोल फिरवला, नाक आत खुपसलं, डोळे मिटले आणि सांगितलं की यात जुन्या चामड्याचा, तंबाखूचा, लाकडी पेटीचा आणि ओल्या मातीचा सुगंध आहे.

"यष्टीच्या कंडक्टरच्या ब्यागेला ह्योच वास येतो," चांगदेव म्हणाले. "पर त्यो बिचारा तिकीट तरी देतो."

हर्षालीनं खिडकीबाहेर बघितलं. पीरमहंमदांनी मापात बरोबर वीस मिली ओतून घेतलं, डोळ्यासमोर रेघ धरली, पेल्यात रिकामं केलं आणि वहीत लिहिलं. आत: वीस.

पहिला घोट साखरेसाठी. चांगदेवांनी तो जिभेवर घेतला, डोळे मिटले. साखर नव्हती. कुठंच नव्हती. जिभेच्या टोकाला नाही, कडेला नाही, मागं नाही. चारी खोल्या धुंडाळाव्यात आणि घरात माणूसच नसावं, तसं. त्यांनी समाधानानं मापात थुंकलं.

"शुगर शून्य. ह्येला बाजारात फुकट कुनी न्हेनार न्हाई."

पीरमहंमद माप बघत होते. "चांगदेवराव, बावीस भरतंय."

"काय?"

"वीस दिलं, बावीस आलं. माल वाढला."

"लाळ आसंल."

"तेच म्हणतो. ओला माल आहे," पीरमहंमद म्हणाले आणि व्यापाऱ्याच्या सवयीनं कपाळाला आठ्या घालून लिहिलं. बाहेर: बावीस.

दुसरा घोट सालीसाठी. हा गालात फिरवायचा असतो. चांगदेवांनी तो उजव्या गालात घेतला, डाव्या गालात नेला, आणि तिथं तो थोडा जास्त वेळ थांबला. तुरट. हिरड्यासारखा तुरट, पण साधा हिरडा तोंडात घातला की थोबाडीत मारतो. हा तसा नव्हता. या हिरड्याची कुणीतरी वीस-पंचवीस वर्षं बसून समजूत घातली होती. त्यांनी थुंकलं आणि शेरा मारायला तोंड उघडलं.

शेरा आला नाही. कारण चव अजून तिथंच होती.

चांगदेव वाट बघत बसले. मणी थुंकला की चव जाते, हे त्यांना माहीत होतं. म्हणून तर एका दिवसात साठ शेतकऱ्यांचा माल पारखून होतो. ही जाईना. एखादा पाहुणा उठतो, चप्पल घालतो आणि दारातच पुन्हा बोलत उभा राहतो, तशी ती उभी होती. आणि दर थोड्या वेळानं नवीनच काहीतरी सांगत होती.

"नऊ," पीरमहंमद हळूच म्हणाले आणि लिहिलं.

चांगदेवांचं लक्ष नव्हतं. ते लेबलाकडं बघत होते. आठ्ठ्याहत्तर. आठ्ठ्याहत्तर साली त्यांनी पहिली बाग लावली होती. थॉमसनची, हिरव्या मण्यांची. अठरा वर्षं ती राबली आणि शहाण्णवला त्यांनी ती मुळासकट काढली. बुंधे साळुबाईनं चुलीत घातले. त्या बागेच्या अठरा हंगामांतला एक मणी आज जगात कुठं नव्हता. असणार कसा? तोडल्यापासून चार दिवस. चौथ्या दिवशी मणी मऊ पडतो, देठ काळा पडतो, आणि पीरभाई पेटीत हात घालून म्हणतो, "माल मऊ पडला, चांगदेवराव." त्यांचा सगळा जन्म त्या चार दिवसांच्या मागं धावण्यात गेला होता. पहाटे तोडा, लगेच भरा, टेम्पो आला का बघा, नाही आला तर शिव्या घाला. त्यांची पहिली काडी रुजत होती त्या साली कुणीतरी तिकडं हा माल तोडला आणि घाई केली नाही. टेम्पोची वाट बघितली नाही. आडवा करून ठेवला. आणि सव्वीस वर्षांनी तो बोरीच्या माणसाच्या गालात येऊन म्हणत होता, मी मऊ पडलेलो नाही.

चांगदेवांना संताप आला. एवढा संताप त्यांना केवड्याचाही आला नव्हता.

"तिसरं ओत," ते म्हणाले.

"आप्पा, नाही आवडली तर राहू द्या," हर्षाली म्हणाली.

"न्यायाचा ऱ्हायलाय."

पीरमहंमदांनी वीस मिली मोजून दिलं. चांगदेवांनी तोंडात घेतलं, डोळे मिटले. बराच वेळ गेला. भिंतीवरचं घड्याळ, अमृतचा मोबाइल, बाहेर कुणीतरी क्रेट आपटल्याचा आवाज, असं सगळं एकेक होऊन गेलं. मग चांगदेवांनी डोळे उघडले, माप तोंडाशी धरलं आणि नियमाप्रमाणं थुंकले.

थुंकल्याचा आवाज आला. बाकी काही आलं नाही.

पीरमहंमदांनी माप उजेडात धरलं. तिरपं करून बघितलं. उलटं करून बघितलं.

"चांगदेवराव. शून्य."

"नीट बग."

"पंचवीस वर्षं नीटच बघतोय. एकूण साठ आत, एकतीस बाहेर. एकोणतीस मिलीचा पत्ता नाही." त्यांनी पेन खाली ठेवलं. "ठरावाप्रमाणं मला लिहावं लागेल, अध्यक्षांनी गिळली."

हे पीरमहंमदांनी काही आनंदानं म्हटलं नव्हतं. चांगदेवांनी मुलीकडं बघितलं. वाईट म्हणावं, तर जिभेनं आयुष्यात पहिल्यांदा खोटा निकाल द्यायचा आणि पोरगी नाशिकला. चांगलं म्हणावं, तर सगळं गाव विचारणार की थुंकलेल्याची चव एवढी कशी कळली. वही उघडी होती.

"उडाली आसंल," चांगदेव म्हणाले.

"काय उडाली?"

"वाईन. वाटंत."

"वाटेत?"

"घट," चांगदेव भिंतीकडं बघत म्हणाले.

पीरमहंमदांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला. हा शब्द या तोंडून ऐकायला त्यांनी पंचवीस हंगाम घालवले होते. ते घाईत नव्हते.

"घट असते का पण, चांगदेवराव?"

"आस्ती."

"माल वाटेत कमी होतो?"

"व्हतो."

"त्याला पाय असतात का?"

"न्हाई. हवंत जातो."

"व्यापारी खोटं बोलत नाही?"

"आता लिव्ह की राव!"

पीरमहंमदांनी लिहिलं. घट: एकोणतीस मिली, हवामानामुळे. खाली सही केली, तारीख घातली आणि पुढच्या हंगामात उपयोगी पडेल म्हणून त्या पानाची एक नक्कल वेगळ्या कागदावर उतरवून खिशात ठेवली.

"आप्पा," हर्षाली म्हणाली, "निकाल?"

चांगदेव उठले, टोपी सारखी केली, दारापर्यंत गेले आणि मागं न बघता म्हणाले, "माळ किती हाय? दीड एकर ना?"

"हो."

"दीडच?"

घरी साळुबाई ओट्यावर उभ्या होत्या. "तोंड उघडा," त्या म्हणाल्या. चांगदेवांनी दोन वर्षं गावाची तोंडं उघडून घेतली होती, आता आपलं उघडलं. साळुबाईंनी वास घेतला. मग पुन्हा घेतला. तिसऱ्यांदाही घेतला, तेव्हा चांगदेवांच्या लक्षात आलं की हीही तीन मण्यांचा नियम पाळते आहे.

"ह्यो दारूचा वास न्हाई," त्या कपाळाला आठी घालून म्हणाल्या. "माज्या आईच्या लाकडी पेटीचा हाय." आणि लगेच सावरून, "पर घशातनं येतोय. गालातनं न्हाई."

दुसऱ्या दिवशी समितीपुढं वही वाचली गेली. साळुबाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पीरभाई, वाटंत घट झाली म्हंता. कुटल्या वाटंत?"

"ओठापासून," पीरमहंमद म्हणाले, "आतल्या बाजूला, वैनी."

जानकूनं अत्यंत गंभीरपणे विचारलं की हवामानाची नोंद कोणत्या वेधशाळेची धरायची. साळुबाईंनी त्याला बसवलं आणि निकाल दिला. प्रदर्शनातल्यासारखा, एका दमात.

"माळ पोरीला द्या. ती हितंच ऱ्हाईल. पर अध्यक्षानं प्याली आसं गावात झालं, तर उद्या परत्येक जन घट घिऊन यील. दारात मी काय माप घिऊन बसू? तवा तुमी कंपनीत ग्येला न्हाईत, कायबी चाखलं न्हाई, तुमाला कायबी आवडलं न्हाई. आसं कायबी झालंच न्हाई. लिव्हा, जानकूभावजी."

ठराव क्रमांक पंधरा: सदर घटना घडलेली नसल्याचे सर्वानुमते ठरले.

माळावर खड्डे पडले, काड्या लागल्या. हर्षाली नाशिकला गेली नाही. गावानं विचारलं तेव्हा चांगदेव म्हणाले, "पोरीचा हट्ट." लोकांनी मान हलवली आणि म्हणाले, आण्णा शेवटी बाप माणूस. जन्मातला सगळ्यात अवघड निकाल त्यांनी बरोबर दिला होता आणि तो सांगायची सोय नव्हती. लोक त्याला माया म्हणत होते.

मार्चमधल्या प्रदर्शनात डिंगोऱ्याच्या संपत नावाच्या शेतकऱ्यानं सुरेख माल आणला. चांगदेवांनी मणी फोडला, थुंकला, म्हणाले, "एकोनीस." दुर्बिणीत एकोणीस आली. टाळ्या पडल्या. चांगदेव डोळे मिटून तसेच बसले.

"आण्णा, काय झालं?" संपतनं विचारलं.

"आन फुडं?"

"पुढं काय?"

"संपलं एवड्यात?" चांगदेव म्हणाले. संपत आजही त्यांच्याशी बोलत नाही.

त्या दिवशी हर्षालीनं त्यांना सांगितलं की उघडलेली ती बाटली दुसऱ्या दिवशीच आंबट झाली, ओतून द्यावी लागली. एकदा हवा लागली की चार दिवससुद्धा टिकत नाही. चांगदेवांना ऐकून बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. मग त्यांनी दुसऱ्या बाटलीची चौकशी केली. ती अजून तळघरात होती. आडवी. अमृत म्हणत होता, पुढच्या महिन्यात मुंबईहून पाहुणे येणार आहेत, त्यांच्यापुढं उघडू.

चांगदेव त्याच संध्याकाळी जानकूकडं गेले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "लिव्हायला घे." अर्ज रजिस्टर टपालानं रवाना झाला. त्याची नक्कल साळुबाईंना दाखवलेली नाही.

प्रति,
मा. अधीक्षक साहेब, राज्य उत्पादन शुल्क.

अर्जदार: चांगदेव सावळाराम कोरडे, अध्यक्ष, दारूबंदी समिती, मु. पो. बोरी बुद्रुक, ता. जुन्नर.

विषय: न घडलेल्या घटनेच्या अनुषंगाने एका बाटलीस मुदतवाढ मिळणेबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयी अर्जदार सादर करतो की, दि. १४ फेब्रुवारी २००४ रोजी कोणतीही घटना घडलेली नाही. सदर न घडलेल्या घटनेत अर्जदाराने जो द्रव चाखलेला नाही, तो सन १९७८ चा असून अद्याप मऊ पडलेला नाही, असे अर्जदाराचे ठाम मत आहे. सदर मत अर्जदाराने बदललेले नसून ते पूर्वीपासून असेच होते. सदर द्रवाची एकच बाटली आता शिल्लक असून ती मुंबईच्या पाहुण्यांसमोर उघडली जाणेचा संभव आहे. सदर पाहुण्यांना सालीतले काही कळत नाही.

तरी मेहेरबान साहेबांनी सदर बाटली शासनाच्या ताब्यात घेऊन ती आपल्या कचेरीत आडव्या स्थितीत, पंखा न लावता, अजून पंचवीस वर्षे सुरक्षित ठेवावी; सन २०२९ मध्ये अर्जदारास, त्या वेळी वय वर्षे एकोणऐंशी, ती तीन वेळा वीस मिली प्रमाणे परीक्षणार्थ देण्यात यावी; परीक्षणाचे वेळी जुन्नर येथील व्यापारी पीरमहंमद यांस माप घेऊन हजर ठेवावे; आणि अर्जदाराचे वय व त्या वेळचे हवामान लक्षात घेता, साठ मिलीपैकी साठ मिली घट आगाऊ मंजूर करावी, ही नम्र विनंती.